सोनईकरांनो, ती चरबीची गोळी बंद करू नका

सोनईकरांनो, आणि घोडेगाव, चांदा, शिंगणापूर, ब्राह्मणीहून आमच्या पेठेत येणाऱ्या माझ्या सगळ्या माणसांनो, पुढचं वाचण्याआधी एक काम करा. उठा. घरात ज्या डब्यात, ज्या फडताळात गोळ्या ठेवता तिथे जा. आईच्या, वडिलांच्या, सासऱ्यांच्या, स्वतःच्या, सगळ्या गोळ्या बाहेर काढा. एटोरवास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिन असं नाव कुठल्या पाकिटावर आहे का बघा. असेल तर त्यातली शेवटची गोळी कधी घेतली ते विचारा.

"ते पाकीट संपलं, पुन्हा आणलंच नाही," असं उत्तर आलं, तर हे आवाहन तुमच्याच घरासाठी आहे.

मी सोनईत मेडिकल चालवतो. मी डॉक्टर नाही. पण गावातला कोण माणूस कोणती गोळी नेतो आणि कोणती सोडून जातो, हे काउंटरमागून जेवढं दिसतं तेवढं डॉक्टरांनाही दिसत नाही. चार घड्या घातलेली चिठ्ठी पुढे येते. तिच्यावर रक्तदाबाची गोळी असते, साखरेची असते, रक्त पातळ ठेवायची असते आणि शेवटी कोलेस्टेरॉलची. माणूस एकूण किती झाले विचारतो, खिसा चाचपतो आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणतो, "ही चरबीची राहू द्या. रिपोर्ट नॉर्मल आलाय."

हे वाक्य मला रोज ऐकू येतं. बोलणारी माणसं शहाणी असतात. संसार नेटका करणारी, पै-पैचा हिशेब ठेवणारी असतात. आणि ती ज्या गोळीवर काट मारतात, तीच त्यांच्या अंगावरून वारं जाऊ नये म्हणून दिलेली असते.

तुमचा रिपोर्ट नॉर्मल आला तो त्या गोळीमुळे आला. ती घेत होतात म्हणून आकडा खाली बसला होता. गोळी बंद केलीत की काही आठवड्यांत आकडा पुन्हा होता तिथे जातो. तुम्हाला काही कळत नाही. डोकं दुखत नाही, पाय सुजत नाहीत, चक्कर येत नाही. कोलेस्टेरॉल वाढलेला माणूस सकाळी उठून उसाला पाणी धरतो, धारा काढतो, डेअरीला दूध घालून येतो. सगळं ठीक चाललंय असं त्यालाही वाटतं आणि घरच्यांनाही वाटतं. मग एके दिवशी चहाची कपबशी हातातून निसटते.

म्हणून रिपोर्ट चांगला आला की आनंद करा, आणि त्याच दिवशी पुढच्या महिन्याच्या गोळ्या घेऊन ठेवा.

आणखी एक गोष्ट नीट बघा. लॅबच्या कागदावर उजव्या बाजूला जी 'नॉर्मल'ची मर्यादा छापलेली असते, ती धडधाकट माणसाला धरून छापलेली असते. एलडीएल, म्हणजे घातक कोलेस्टेरॉल, १०० च्या आत असलं की कागद सगळं ठीक म्हणतो. पण ज्याला एकदा पक्षाघात होऊन गेलाय, त्याचा एलडीएल ७० च्या खाली, कुणाकुणाचा त्याहूनही खाली आणायला डॉक्टर बघतात. छापलेल्या मर्यादेवर समाधान मानू नका. "माझ्यासाठी किती पाहिजे?" असं डॉक्टरांना विचारा. आकडा फाइलवर लिहून घ्या.

आपल्याकडे ठिबक नाही असं शेत आता शोधावं लागतं. लॅटरलमध्ये क्षार साचतात, ड्रिपर बंद पडतात, शेवटची रोपं माना टाकतात आणि मग आपण ॲसिड सोडतो. मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या आणि डोक्यातल्या नळ्यांचंही असंच काहीसं होतं. फरक एवढाच की चरबी नळीच्या आतल्या बाजूला नुसती चिकटत नाही, ती नळीच्या भिंतीत मुरते. तिथे फुगवटा येतो. एक दिवस तो फुटतो, त्यावर रक्ताची गाठ धरते आणि पुढचा भाग कोरडा पडतो. रोपटं वाळलं तर नवं लावता येतं. मेंदूचा वाळलेला तुकडा पुन्हा हिरवा होत नाही. ही गोळी, म्हणजे स्टॅटिन, दोन कामं करते. रक्तातली चरबी उतरवते आणि भिंतीतला तो फुगवटा फुटू नये म्हणून त्याला घट्ट ठेवते. ही दोन्ही कामं ती रोज घेतली तरच होतात.

आता तुमच्या ओळखीचं एखादं घर डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक वाडीवस्तीवर असं एक तरी घर आहे. पडवीत खाट आहे. खाटेवर पन्नाशी-साठीचा माणूस आहे. उजवा हात छातीशी आखडलेला. नाव विचारलं तर ओठ हलतात, शब्द येत नाही, डोळ्यांत पाणी येतं. त्याला सगळं समजतं, फक्त सांगता येत नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्याची बायको दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवते. रात्रीसुद्धा वळवते. तिची स्वतःची कंबर गेलेली असते. मुलगा पुण्यातली नोकरी सोडून आलेला असतो, किंवा नोकरी टिकवण्यासाठी येत नाही आणि तिकडे मनात कुढत असतो. गोठ्यातल्या दोन गाया विकलेल्या असतात. सोनं सोसायटीत नाहीतर सावकाराकडे गेलेलं असतं. सून आधी घास भरवते, मग स्वतः जेवते. नातवाला आजोबांची भीती वाटायला लागते, आणि तेच बघणं त्या आजोबाला सगळ्यात जड जातं.

हे घर तुमचं होऊ नये. होऊ नये म्हणून तुमच्या हातात काहीतरी आहे, आज आहे, अजून आहे. रोजची एक गोळी चालू ठेवा. ज्याची चालू आहे त्याची बंद पडू देऊ नका. ज्याची बंद पडलीय त्याला उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे न्या.

पक्षाघात हा शहरातल्या, एसीत बसणाऱ्या माणसांचा आजार आहे असं कुणाला वाटत असेल, तर गडचिरोलीकडे बघा. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ८६ खेड्यांतल्या मृत्यूंची कारणं घरोघर जाऊन तपासली. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे यांच्या पुढाकाराने झालेला तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगलाच्या कडेला राहणारी, शेतात राबणारी, पायी चालणारी माणसं. तिथे हिवताप असेल, क्षय असेल, असं आपण म्हणू. पण मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं पक्षाघात. दर सात मृत्यूंमागे एक. आणि त्यातले बहुतेक जण घरीच गेले, दवाखाना न बघता.

गडचिरोलीत हे होत असेल तर आपल्या उसाच्या, दुधाच्या पट्ट्यात काय होत असेल? विचार करा. आपल्याकडे रोजची वाट पायांखालून गेली, गाडीखाली आली. साखर घरातली आहे. तंबाखू पुरुषांच्या खिशात आहे आणि मिश्री बायांच्या दातांवर आहे. मावशी, वहिनी, तुमच्याशीही बोलतोय. मिश्रीला तुम्ही तंबाखूत धरत नाही. ती भाजलेली तंबाखूच आहे. आजपासून डबी बाजूला ठेवा.

मला तुम्हाला खोटी आशा दाखवायची नाही. ही गोळी घेतली की पक्षाघात होणारच नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. खरं काय ते सांगतो. एकदा पक्षाघात किंवा त्याचा छोटा झटका येऊन गेलेल्या ४,७३१ माणसांवर एक मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २००६ मध्ये आला. अर्ध्यांना एटोरवास्टॅटिन दिली, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. साधारण पाच वर्षांत बिनऔषधवाल्या शंभरांतल्या १३ जणांना पुन्हा पक्षाघात झाला. औषधवाल्या शंभरांतल्या ११ जणांना झाला. शिवाय हृदयविकाराचे झटकेही कमी झाले. त्याआधी २००२ मध्ये ब्रिटनमधल्या वीस हजारांवर माणसांच्या चाचणीत स्टॅटिनने पक्षाघात सुमारे पाव हिश्श्याने घटला होता.

शंभरांत दोन म्हणजे थोडे वाटतात. पण आपल्या तालुक्यात पक्षाघात होऊन गेलेली किती माणसं असतील याचा अंदाज करा. दर शंभरामागे दोन खाटा रिकाम्या राहतात. दोन बायांची कंबर शाबूत राहते. दोन पोरांचं शिक्षण थांबत नाही. त्या दोघांत तुमचा बाप असेल का, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तर शंभरांनीही गोळी घ्यायची. आणि तिच्या जोडीला रक्तदाब आटोक्यात ठेवला, तंबाखू सोडली, साखर सांभाळली, तर वाचणारी माणसं दोनावर थांबत नाहीत. रक्तदाब हा या सगळ्यातला मोठा दावेदार आहे. त्याची गोळी तर चुकवूच नका.

ही गोळी आली कुठून तेही ऐका, कारण ती कुणा परक्या कारखान्यातून आपल्या माथी मारलेली आहे असं बोललं जातं. अकिरा एंडो नावाचा जपानी शास्त्रज्ञ होता. जन्म १९३३ चा, शेतकऱ्याच्या घरातला. बुरशीची ओढ त्याला लहानपणापासून. बुरशीतूनच कोलेस्टेरॉल रोखणारं काहीतरी मिळेल या भरवशावर त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ६,००० च्या वर बुरश्या तपासल्या. १९७३ मध्ये ते हाताला लागलं, तेही क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत. त्यातून पुढे स्टॅटिनचं घराणं उभं राहिलं. २०२४ च्या जूनमध्ये, नव्वदीत, एंडो गेले. जगभर कोट्यवधी माणसं रोज त्यांच्या शोधाची गोळी घेतात. आपल्या घरात मात्र तीच गोळी काट मारून परत पाठवली जाते.

आपण एकटेच असं करतो असंही नाही. २०११ मध्ये सतरा देशांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या माणसांपैकी कितीजण स्टॅटिन घेतात, ते त्यात पाहिलं होतं. श्रीमंत देशांत शंभरांतले सहासष्ट घेत होते. ज्या गटात आपला भारत होता, त्या गरीब देशांत शंभरांतले तीन. सत्त्याण्णव माणसं ढालीशिवाय उभी होती. त्यात आपलीही माणसं होती.

आता तुमच्या मनातल्या शंकांकडे येतो. त्या खऱ्या आहेत आणि मी त्यांना हसत नाही.

"मी माळकरी आहे. मटण-अंडं घरात येत नाही. मला कसलं कोलेस्टेरॉल?" नेवासे ही माउलींच्या ज्ञानेश्वरीची भूमी. आपल्याकडे माळकरी घरं पुष्कळ. त्यांच्या तोंडून हे मी नेहमी ऐकतो. आबा, तुमची माळ तुम्हाला पुष्कळ गोष्टींतून वाचवते. पण अंगातलं बहुतेक कोलेस्टेरॉल तुमचं स्वतःचं यकृत बनवतं. काहींच्या घराण्यातच ते जास्त बनतं. तुमच्या वडिलांना, चुलत्यांना, मोठ्या भावाला कमी वयात झटका आला असेल, तर तुमचं जेवण कितीही सात्त्विक असलं तरी रक्त तपासा. सडपातळ माणसांनीही तपासा. पोट सुटलेलं नाही म्हणजे नळ्या साफ आहेत, असं समजू नका.

"गोळीने अंग दुखतं." दुखत असेल. दुखणं अंगावर काढू नका आणि गोळीही गुपचूप बंद करू नका. डॉक्टरांना सांगा. ते मात्रा कमी करतील, दुसरी गोळी देतील, रक्त तपासतील. लंडनमध्ये त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० माणसांवर एक प्रयोग झाला. काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी खोटी गोळी, काही महिने काहीच नाही. कोणत्या महिन्यात कोणती, हे त्यांना माहीत नव्हतं. खोट्या गोळीच्या महिन्यांतही त्यांना जवळपास तेवढंच दुखलं. त्यांचं दुखणं खोटं नव्हतं, पण त्यातलं बहुतेक औषधामुळे नव्हतं. हे कळल्यावर त्यातल्या निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. मात्र एक लक्षात ठेवा. मांड्या-दंड खूपच दुखायला लागले, हातपाय गळाले, लघवी चहासारखी काळपट झाली, तर वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. असं क्वचित होतं, पण होऊ शकतं.

"यकृत खराब होतं, साखर वाढते, असं मोबाइलवर आलंय." साखर काही जणांची किंचित वाढते, ती तपासून सांभाळता येते. यकृताला मोठी इजा फार विरळा होते, आणि डॉक्टरांना शंका आली तर ते तपासणी सांगतात. मोबाइलवर निरोप पाठवणारा माणूस तुमच्या खाटेशेजारी बसायला येणार नाही. गरोदर असाल किंवा मूल हवं असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा. ज्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता त्यांचा निर्णयही डॉक्टरांवर सोडा, कारण पक्षाघाताच्या त्या प्रकाराचा हिशेब वेगळा असतो. आणि शेजाऱ्याची गोळी बघून स्वतःच्या मनाने सुरू तर मुळीच करू नका.

"लसूण खातो, अर्जुनसालीचा काढा घेतो." लसूण खा. काढा घेत असाल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. पण त्याच्या बदल्यात गोळी सोडू नका.

"उपवास असतो." उपवासाला गोळी पाण्याबरोबर घ्या. एटोरवास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिनला पोटात अन्न लागतंच असं नाही. सकाळी घ्या की रात्री, तुमच्या सोयीची वेळ धरा आणि ती सोडू नका. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. साखरेच्या गोळ्यांचं तसं नसतं, त्यांचं उपवासात काय करायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

गोळी तुटते कधी, तेही मी बघत आलोय. वारीला जाताना तुटते. दिंडीत पिशवीत वळकटी असते, टाळ असतात, गोळ्या नसतात. पुढच्या वर्षी निघताना सगळ्या दिवसांच्या गोळ्या बरोबर घ्या, दोन दिवसांच्या जास्तीच्या घ्या आणि दिंडीतल्या एखाद्या जोडीदाराला सांगून ठेवा. लग्नसराईत तुटते. आणि सगळ्यात जास्त तुटते ती हंगामात. मुळा कारखान्याचा बॉयलर पेटला की अख्ख्या परिसराची घडी बदलते. रात्री-अपरात्री उसाला तोड येते, ट्रॅक्टर दारात उभे राहतात, माणूस भाकरी खायची विसरतो तिथे गोळीची काय कथा. त्यात थंडी पडते आणि थंडीत रक्तदाब चढतो. म्हणजे गोळी सर्वांत गरजेची असते तेव्हाच ती बंद पडते. मुकादमांनो, ट्रॅक्टरमालकांनो, आपल्याकडे बीड-पाथर्डीहून येऊन कोपीत राहणाऱ्या तोडकऱ्यांनाही गोळ्यांचं विचारा. ती माणसं गाव सोडून आलेली असतात. त्यांची चिठ्ठी गावाकडे राहिलेली असते.

अजून एक विनंती, छोटी पण महत्त्वाची. दोन-चार गोळ्या कापून मागू नका. पाकीट कापलं की बहुतेक वेळा नाव एका तुकड्यावर राहतं आणि मुदतीची तारीख दुसऱ्यावर. घरी गेल्यावर ती गोळी कशाची हे कुणालाच सांगता येत नाही. मग पांढरी रक्तदाबाची की चरबीची, यावर घरात वाद होतो आणि एक दिवस दोन्ही बंद होतात. पूर्ण पाकीट घ्या. त्यावर पेनाने 'चरबीची, रात्री' असं मराठीत लिहून मागा, मी आनंदाने लिहून देईन, कुठलाही मेडिकलवाला देईल. काहींच्या कॅप्सूलमध्ये रक्त पातळ ठेवायचं औषध आणि स्टॅटिन एकत्रच असतं. तसं असेल तर वेगळी गोळी दुहेरी होत नाही ना, तेही विचारून घ्या.

पैशांचं म्हणाल, तर ते मला माहीत आहे. चार औषधांचं बिल देताना तुमचा हात थरथरतो, तो मी बघतो. म्हणून सांगतो, माझ्याच दुकानातून घ्या असं माझं म्हणणं नाही. एटोरवास्टॅटिन केंद्र सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि तिच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. जनऔषधीच्या दुकानात तेच औषध बरंच स्वस्तात मिळतं, ते घ्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तिथे तपासली जाते. जा आणि तपासून घ्या. आशाताई दारात आल्या तर "आम्हाला काही नाही" म्हणून परत पाठवू नका. हात पुढे करा, पट्टा बांधू द्या. बाहेरचं दुकान परवडत नसेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाजू नका. न परवडणारी गोळी लिहून देण्यापेक्षा परवडणारी रोज घेतलेली त्यांनाही बरी वाटते.

आता जे सांगतो ते घरातल्या पोरांनाही वाचून दाखवा.

तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात वर उचलला की खाली पडू लागला, बोलणं अडखळलं, एकाएकी दिसेनासं झालं किंवा तोल गेला, तर तो पक्षाघात आहे असंच धरा. १०८ ला फोन करा. घड्याळ बघा. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता ती वेळ कागदावर लिहा. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तेही आधी सीटी स्कॅन काढून. आपल्याकडून अहिल्यानगर ३५-४० किलोमीटर. शनिवार असेल तर शिंगणापूरची गर्दी, हंगाम असेल तर घोडेगावच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या. गाडीची वाट बघण्यात, भावकी गोळा होण्यात, "थोडं पडू द्या, बरं वाटेल" म्हणण्यात ते साडेचार तास कधी संपतात कळत नाही. रक्त बंद पडलेल्या मेंदूत दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. निघा. आधी निघा, भावकीला फोन रस्त्यातून करा. सीटी स्कॅन असलेल्याच दवाखान्यात जा.

त्या वेळी तोंडात पाणी घालू नका, चहा पाजू नका, घरातली कुठलीही गोळी देऊ नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. कबुतराचं रक्त चोळायला, कुणाकडून झाडपाला आणायला, वारं उतरवायला नेऊ नका. नंतर जे काय मनाला वाटेल ते करा, देवाला नवस बोला, पण ते साडेचार तास दवाखान्याचे आहेत.

आणि ज्यांचा हात दहा मिनिटं लुळा पडला आणि आपोआप सुधारला, बोबडी वळली आणि परत नीट झाली, त्यांनो, देवाची कृपा म्हणून घरी बसू नका. तो गेलेला झटका नसून मोठ्या झटक्याची वर्दी असू शकते, आणि मोठा झटका पुढच्या एक-दोन दिवसांत येण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ही कोलेस्टेरॉलची गोळी बहुतेकदा अशाच वेळी सुरू करतात, आणि अशीच माणसं दोन महिन्यांनी ती बंद करतात, कारण आपल्याला काही झालेलंच नाही असं त्यांना वाटतं.

पुण्या-मुंबईत, चाकण-रांजणगावला नोकरीला असलेल्या पोरांनो, तुम्ही रविवारी घरी फोन करता. "जेवलात का" विचारता. त्याच्यापुढे एवढंच विचारा, "रात्रीची गोळी घेतली का? पाकिटात किती उरल्या?" मोजून सांगायला लावा. सुनांनो, लेकींनो, बाप चिडेल, सासरा "मला काय झालंय" म्हणेल, तरी विचारा. शाळेतल्या मुलांनो, आजोबांचा चष्मा हरवलेला असतो, पाकिटावरचं नाव त्यांना दिसत नाही, तुम्हाला दिसतं. वाचून द्या. सरपंचांनी, पतसंस्थेच्या मंडळींनी, भजनी मंडळाने, गणपती मंडळाच्या पोरांनी वर्षातून एकदा रक्तदाब आणि लिपिड तपासणीचं शिबिर घ्यावं. २९ ऑक्टोबर हा जागतिक पक्षाघात दिन असतो, हंगामाच्या तोंडावरच येतो, तो दिवस धरा.

डबा अजून समोर उघडा असेल. त्यातलं रिकामं पाकीट फेकू नका. ते आणि जुनी चिठ्ठी एका पिशवीत घाला आणि उद्या सकाळी त्या माणसाला बरोबर घेऊन दवाखान्यात जा. एकटं पाठवू नका, तो अर्ध्या वाटेतून परत येईल. सोबतीला घरात कुणी नसेल तर आमच्या पेठेत कुठल्याही मेडिकलच्या पायरीवर येऊन सांगा. दुकानातलं एक पोर बरोबर देऊ.